बैरशेबाचा अर्थ

"एकच शब्द सांग आणि मग घरी जा," एलियाबाबा म्हणाला. "सात का शपथ?"

मी एस.टी.तून उतरलो होतो आणि ट्रंक अजून माझ्या डोक्यावरच होती. बैरशेबा फाट्यावर उतरणारा मी एकटाच. एप्रिलचं ऊन असं होतं की रस्त्याचं डांबर चपलेला धरून ठेवत होतं. एलियाबाबा भिंगारदिवे मैलाच्या दगडावर छत्री उघडून बसला होता. आमच्या ख्रिस्ती मंडळीचा कारभार जे पंच बघतात त्यांना आम्ही 'वडील' म्हणतो. त्या वडिलांत तो सगळ्यांत जुना. मी आलोय म्हणून फाट्यावर घ्यायला यावं एवढं आमचं नातं नव्हतं, म्हणून मला आधीच धडकी भरली.

"कशाचं सात, बाबा?"

"शेबाचं. बैरशेबातल्या शेबाचं. तू दोन वर्सं पुण्याला हिब्रू शिकलास ना?"

"शिकलो."

"मग सांग."

"घरी जाऊन घोटभर पाणी पितो, बाबा. मग सांगतो."

एलियाबाबाने छत्री मिटली. "त्या पान्याचंच तर भांडण हाय," तो म्हणाला.

हे बहात्तर सालचं. पाऊस आदल्या वर्षीही दगा देऊन गेला होता. आमची वस्ती आठ घरांची, नगरपासून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर, उघड्या माळावर. नाव बैरशेबा. बायबलातलं, म्हणजे आमच्या शास्त्रातलं नाव: अब्राहामाने खणलेली विहीर जिथे होती ती जागा. आमच्या वस्तीतही एकच विहीर होती आणि पंचक्रोशीतल्या सगळ्या विहिरी तळाला गेल्या तरी तिच्यात पुरुषभर पाणी राहिलं होतं. राहिलं, म्हणूनच पंचाईत झाली. नुसती कोरडी पडली असती तर सगळी एकदिलाने रडली असती.

ईस्टरनंतर सात घरांनी ठरवलं की पाणी वारांनी काढायचं. सोमवार एलियाबाबाचा, मंगळवार त्याच्या भावाचा, असं करत रविवारपर्यंत सात घरांचे सात वार. आठवं घर आमचं. आम्हाला वार उरला नाही.

आईने विचारलं तेव्हा एलियाबाबाने तिला सांगितलं होतं, "सिलासच्या माय, यात माझं काय न्हाई. देवानंच सात वार केलं. तू आठवा वार दाखव, त्या दिवशी इहिरीवर ये."

त्यावर आई म्हणाली होती, "मग त्याला आठवडा का म्हणतात? सातवडा म्हणायचं. आठवं कुणीतरी असल्याशिवाय नाव पडतं का?"

एलियाबाबाला याचं उत्तर सुचलं नव्हतं, आणि ज्याचं उत्तर सुचत नाही ते वचनातून शोधायचं ही आमच्याकडची रीत. त्याने बायबल उघडलं. तळटिपेत बैरशेबाचा अर्थ दिला होता: सात विहिरी, किंवा सातांची विहीर. झालं. ही विहीर सातांची आहे हे अब्राहामाच्या काळापासून ठरलेलं होतं. दुसऱ्या दिवशी विहिरीच्या तोंडावर झाकण बसलं. ते जुन्या प्रार्थनामंदिराच्या दाराच्या फळ्यांचं होतं, आणि त्याला कुलूप होतं ते प्रभुभोजनाचा पेला ज्या कपाटात असायचा त्याचं. पेला तेव्हापासून उघड्या कपाटात होता.

आमचे पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, शेलारसाहेब मात्र आडवे आले. त्यांच्या बायबलात तळटीप वेगळी होती: शपथेची विहीर. शपथ सगळ्यांची असते, तेव्हा पाणीही सगळ्यांचं, असं त्यांचं म्हणणं. साहेब न्यायाचे खरे, पण त्यांचं घर मंदिराचं, आठांत न धरलेलं, आणि तिथे पाणी रोज त्या त्या वाराच्या घरातून यायचं आणि बुधवारवाले गाळ पाठवायचे, हेही कारण होतं.

दोन तळटिपा, एक विहीर. शेवटी साहेबांनी तोड काढली. अवचित्यांचा सिलास हिब्रू शिकून येतोय, तो येत्या रविवारी व्यासपीठावरून अर्थ सांगेल आणि तो सगळ्यांना मान्य असेल. दोन्ही बाजूंनी कागदावर सह्या केल्या होत्या. मला कुणी विचारलं नव्हतं.

ट्रंकेत माझा निकालपत्रिकेचा कागद होता. हिब्रू: शंभरपैकी एकोणीस.

* * *

आई घरी नव्हती. ती दोन मैलांवरच्या खडीच्या खाणीत साठलेलं पाणी आणायला गेली होती. आली तेव्हा तिच्या मानेवर घामाची पांढरी रेघ होती आणि हंड्यात जे होतं त्याला पाणी म्हणायला जीभ रेटावी लागत होती. तिने ते धडप्यातून गाळलं, मला पेलाभर दिलं आणि समोर बसली.

"तू शपथ म्हण," ती म्हणाली.

"आई, खरं सांगायचं तर दोन्ही बरोबर आहे. अक्षरं एकच. अब्राहामाने सात कोकरं साक्षीला उभी केली आणि शपथही वाहिली. शास्त्रात दोन्ही लिहिलंय."

"दोन्ही म्हणजे त्यांचंच झालं. ज्याच्या हातात किल्ली, दोन्ही त्याचं."

मी तिला निकालपत्रिका दाखवली. तिला वाचता येत नव्हतं, पण आकडे कळायचे. तिने आकड्यावर बोट ठेवलं.

"एकोणीस म्हणजे काहीच येत नाही असं नाही ना?"

"जवळजवळ तसंच."

"त्या एकोणिसात हा एक शब्द बसला असेल की," ती म्हणाली आणि कागद घडी घालून देवळीत ठेवला.

पाळक होण्यासाठी मी पुण्याच्या ज्या कॉलेजात होतो त्याने मला आणखी एक संधी देऊ केली होती. हिब्रूची परीक्षा पुन्हा द्यायची, पण त्यासाठी आपल्या मंडळीचं शिफारसपत्र आणायचं आणि त्यावर ज्येष्ठ वडिलाची सही हवी. आमच्याकडे ज्येष्ठ वडील म्हणजे एलियाबाबा. हे मी आईला तेव्हा सांगितलं नाही. पण एलियाबाबाला ते आधीच ठाऊक होतं, कारण कॉलेजचं पत्र त्याच्याच पत्त्यावर आलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने मला रस्त्यातच गाठलं. हातात रुमालात बांधलेली अंडी होती. मोजायची गरज नव्हती, सातच होती.

"सृष्टी किती दिवसांत झाली?" त्याने विचारलं.

"सात. सातव्या दिवशी विसावा."

"यरीहोच्या तटाभोवती किती फेऱ्या?"

"सातव्या दिवशी सात."

"नामान कुष्ठी यार्देनेत किती बुड्या मारून बरा झाला?"

"सात."

"आठ मारल्या असत्या तर?"

"ते लिहिलेलं नाही, बाबा."

"लिवलेलं न्हाई," तो समाधानाने म्हणाला. "तुजं शिफारसपत्र मी लिवून ठिवलंय. सही तेवढी रविवारी करतो. भक्तीनंतर."

अंडी त्याने माझ्या हातात दिली आणि गेला. मी ती घरी नेली तर आईने एक आमच्या कोंबडीखालचं काढून त्यात घातलं आणि आठ अंडी त्याच रुमालात परत पाठवली. उत्तर म्हणून. बुधवारवाल्यांच्या सुनेने ते सगळीकडे सांगितलं. संध्याकाळपर्यंत वस्तीत सात आणि आठ यांखेरीज दुसरा आकडा कुणी तोंडातून काढेना. आमच्या दारावरून जाताना एलियाबाबाचा भाऊ पावलं मोजत गेला आणि सातव्या पावलाला मुद्दाम थांबला.

खरं तर सगळ्यांना माहीत होतं की हे आकड्याचं नव्हतं. सात घरं पहिल्या बाप्तिस्म्यातली, एकाच वाड्यातून, म्हणजे गावकुसाबाहेरच्या एकाच जातीच्या वस्तीतून आलेली. आम्ही मागाहून आलो, त्या उन्हाळ्याच्या पंचवीस वर्षं आधी, दुसऱ्या वाड्यातून. तेव्हाच्या पाळकांना भजनाला ढोलकी वाजवणारा हवा होता आणि माझे वडील आमच्या गावातले नावाजलेले वाजवणारे होते. त्यांनी बाप्तिस्मा घेतला, ढोलकी घेतली आणि आले. चार वर्षांपूर्वी ते वारले. ढोलकी मंदिरात राहिली. आम्ही कुठल्या वाड्यातून आलो हे कुणी बोलायचं नाही, आणि विसरायचंही नाही.

* * *

शुक्रवारी मी मंदिरात जाऊन बसलो. व्यासपीठाच्या मागच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत एक ओळ होती. शंभर वर्षांपूर्वी आलेल्या पहिल्या गोऱ्या साहेबाच्या पत्रातली, मराठीत उतरवलेली: 'येथील अज्ञ लोक, कोणीही न शिकविता, या स्थळास बैरशेबा असे म्हणतात.'

हा आमचा चमत्कार. साहेब या माळावर पहिल्यांदा आला, बायबल अजून कुणाला दाखवलंही नव्हतं, आणि इथल्या माणसांच्या तोंडी अब्राहामाच्या विहिरीचं नाव होतं. साहेब तिथेच गुडघ्यावर आला आणि त्याने ठरवलं की मंडळी इथेच वसवायची. दर वर्षी वर्धापनदिनाला शेलारसाहेब यावर उपदेश करत आणि दर वर्षी रडत.

मी ती ओळ लहानपणापासून हजारदा वाचली असेल. त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या मनात आलं, 'येथील लोक' म्हणजे कोण? तेव्हा वस्ती नव्हती. आमची सात घरंही नव्हती.

शेलारसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, "मेंढपाळ होते म्हणे कुणी. टेकडीपलीकडचे धनगर."

मला वाटलं, चला, निदान एक दिवस वस्तीबाहेर काढता येईल. शनिवारी सकाळी मी टेकडी ओलांडली. पलीकडे पाच-सहा धनगरांची घरं होती. माणसं मेंढरं घेऊन चाऱ्याच्या शोधात लांब गेली होती. मागे राहिली होती थोडी मेंढरं आणि चिंधाबाई नावाची म्हातारी. ती बाभळीखाली बसून लोकर कातत होती. वय सत्तरीपुढे. तिला प्रत्येक गोष्ट तीनदा सांगावी लागत होती.

"आमच्यात पन्नाशीनंतर कान जातात," ती म्हणाली. "मोठ्यानं बोल."

"आजी, आमच्या विहिरीला बैरशेबा का म्हणतात, तुम्हाला ठाऊक आहे का?"

"बैऱ्या शेबाची इहीर. मग काय म्हनायचं?"

मी तिच्या कानाशी वाकलो. मग म्हणालो, "शेबा म्हणजे?"

"शेबा म्हंजे शेबा. माज्या सासऱ्याचा आजा. नाव शिवबा. लोकांनी शेबा केलं. त्याला येत नव्हतं ऐकू, मग तो कशाला वाद घालतोय. जन्माचा बैरा."

चाती तिच्या मांडीवरून फिरतच होती. तिने सांगितलं ते असं. शेबाने त्या माळावर विहीर खणायला घेतली तेव्हा सगळ्यांनी त्याला सांगितलं की इथे पाणी नाही. पाणाड्या येऊन सांगून गेला. भाऊ सांगून गेले. बायकोने रोज सांगितलं. शेबाला काही ऐकू येत नव्हतं. लोक हातवारे करायचे तर त्याला वाटायचं शाबासकी देतायत, आणि तो आणखी खोल जायचा. तीन उन्हाळे गेले. चौथ्या उन्हाळ्यात पाणी लागलं. तेव्हाही लोक काठावरून ओरडले, वर ये, वर ये. त्याला तेही ऐकू आलं नाही. पाणी गळ्याला लागलं तेव्हा कुठे वर आला.

"मग त्या साहेबाला कुणी सांगितलं नाव?"

"माज्या सासऱ्याच्या बापानं. गोरा मानूस घोड्यावर आला, मोडक्यातोडक्या मराठीत इचारलं, ही इहीर कोनची. ह्यानं सांगितलं, बैऱ्या शेबाची. तर तो घोड्यावरून उतरला आन गुडघे टेकून रडायलाच लागला. सासऱ्याचा बाप घाबरला. त्याला वाटलं, लई दिवसांचा तहानेला हाय. पानी पाजलं."

"आणि विहीर? ती साहेबाला दिली कुणी?"

"शेबा होता की जिता. म्हातारा झाला होता. साहेबानं त्याला इचारलं, आमची मान्सं इथं ऱ्हातील, पानी घेतील, चालंल का. शेबाला काय कळतंय? तो सगळ्यांना मान हलवायचा. हलवली."

आमच्या मंडळीची शंभर वर्षं त्या एका मानेवर उभी होती.

"आता हाय का पानी तिच्यात?" चिंधाबाईने विचारलं.

"आहे. पुरुषभर."

"आमचा आड आटला. मला वाटलं तीबी आटली आसंल."

"नाही. पण तिला कुलूप आहे."

हे मात्र तिला पहिल्याच खेपेला ऐकू आलं. चाती थांबली. "इहिरीला कुलूप?"

"हो."

"कदी असता तुमी सगळी एका ठिकानी?"

"उद्या सकाळी. मंदिरात."

"येते," ती म्हणाली आणि पुन्हा कातू लागली.

* * *

रविवारी मंदिर भरलं होतं. एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका. पुढच्या सतरंजीवर एलियाबाबा, गळ्यात काळ्या दोऱ्यात किल्ली, खिशात माझं शिफारसपत्र. त्याचं टोक दिसेल असं ठेवलेलं. आई मागे दाराशी.

मी पायऱ्या चढलो. उत्पत्तीचा एकविसावा अध्याय वाचला. बैर म्हणजे विहीर, असं सांगितलं. सगळ्यांनी माना हलवल्या. यावर भांडण नव्हतं. मग शेबा म्हणजे सात, असं म्हणालो. पुढच्या रांगेत हालचाल झाली. आणि त्याच अक्षरांचा दुसरा अर्थ शपथ, असंही म्हणालो.

"एकच सांग," एलियाबाबा जागेवरूनच म्हणाला. "कागदावर एकच सांगायचं ठरलंय."

तेवढ्यात बाहेर मेंढरं ओरडू लागली. आधी लांबून, मग अगदी भिंतीशी. दारातून चिंधाबाई आली. तिने वहाणा काढल्या, काठी कोपऱ्यात ठेवली आणि पुरुष आणि बायका यांच्या मधल्या वाटेत, जिथे कुणीच बसत नाही, तिथे ऐसपैस बसली. माझ्याकडे बघून तिने हात हलवला, सुरू ठेव म्हणून.

मी काही शूर माणूस नाही. पण ती तिथे बसली होती आणि मला खोटं सुचेना. मी भिंतीवरच्या चौकटीकडे हात केला आणि टेकडीपलीकडे ऐकलेलं सगळं सांगितलं. बहिरा शिवबा, तीन उन्हाळे, घोडा, गुडघे, मान हलवणं. चिंधाबाईला ऐकू जावं म्हणून मोठ्याने सांगत होतो, त्यामुळे ते रागावून बोलल्यासारखं झालं असणार.

संपलं तेव्हा एलियाबाबाने गळ्यातली किल्ली मुठीत धरली.

"म्हंजे शेबा सातबी न्हाई आन शपथबी न्हाई," एलियाबाबा सावकाश म्हणाला.

"शास्त्रातला आहे. आपला नाही. आपला शेबा म्हणजे यांच्या सासऱ्याचे आजोबा."

"आन बैर?"

"बैर म्हणजे बहिरा."

"मग नावात इहीर हायेच कुठं?"

मी मनात नाव पुन्हा फोडून पाहिलं. खरोखरच नव्हती.

शेलारसाहेब उठले. वीस वर्षांचे वर्धापनदिन त्यांच्या तोंडावर दिसत होते. मला वाटलं, आता हे मला खाली उतरवतात. पण त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "मंडळी, हा तर त्याहून मोठा चमत्कार आहे. देवाने शंभर वर्षं आधी एका माणसाला बहिरा केला, त्याच्या आईबापांकडून त्याचं नाव शिवबा ठेवून घेतलं, आणि ते लोकांच्या जिभेवर बरोबर तेवढंच झिजवलं." आणि ते पुन्हा रडू लागले. बुधवारवाल्यांचा म्हातारा 'आमेन' म्हणाला. सवयीने.

मग पुरुषांत एकच कालवा झाला. एकाचं म्हणणं, हा शेबा इस्राएलाच्या हरवलेल्या वंशांपैकी असणार, मेंढरं राखत होता त्या अर्थी. दुसऱ्याचं म्हणणं, असेल तर मग चिंधाबाईला बाप्तिस्म्याची गरज आहे की नाही. तिसरा म्हणाला, आधी त्याला मुलं किती होती ते विचारा, सात असली तर प्रश्नच मिटला. चिंधाबाई बराच वेळ एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. मग तिने मला विचारलं, "ह्यातल्या कुनाकडं किल्ली हाय?"

सगळ्यांच्या नजरा एलियाबाबाच्या गळ्याकडे गेल्या.

"पुरावा काय?" एलियाबाबा म्हणाला. "इहीर तुमच्या म्हाताऱ्याची, याचा कागद हाय का?"

मी ते तिच्या कानाशी जाऊन सांगितलं.

"कागद कशाला?" ती म्हणाली. "तुमीच भितीवर लिवून काच बसवलीया, आसं हा पोरगा सांगतो. शंभर वर्सं झाली, रोज माज्या सासऱ्याच्या आज्याचं नाव घेता. पत्रावर लिवता. एस.टी.च्या पाटीवर लिवलंय. आनखी काय पुरावा पायजे?"

एलियाबाबाने मांडीवरचं बायबल उघडलं आणि मिटलं. मला वाटतं, आयुष्यात पहिल्यांदा त्याला वचन सापडलं नाही.

चिंधाबाई उठली, काठी घेतली आणि बाहेर पडली. तिच्यामागे आधी आई गेली, मग बायका, मग सगळेच. आशीर्वाद द्यायचा राहिला. मेंढरं झाकणाभोवती गोळा होऊन फळ्या चाटत होती. एलियाबाबा आला, वाकला, किल्ली गळ्यातून न काढताच कुलपात घातली. दोरा आखूड होता, म्हणून त्याला कुलपासमोर जवळजवळ गुडघे टेकावे लागले. फळ्या बाजूला झाल्या.

मेंढरांचं पिऊन झाल्यावर चिंधाबाई काठावर बसली, पाय खाली सोडून.

"आता मागा," ती म्हणाली.

"काय मागायचं?" शेलारसाहेबांनी विचारलं.

"साहेबानं मागितलं होतं तसं. माज्या म्हाताऱ्याला एकानं इचारलं. तुमी आठ घरं हाय. आठांनी इचारा."

सोमवारचं घर पहिलं. एलियाबाबा पुढे झाला आणि हळूच काही बोलला.

"काय?" चिंधाबाई म्हणाली.

"पानी घेऊ का?"

"काय? मोठ्यानं बोल."

"पानी घेऊ का," एलियाबाबा एवढ्या मोठ्याने ओरडला की विहिरीतूनही कुणी तेच विचारलं. चिंधाबाईने कानाला हात लावला. त्याला ते पाच वेळा ओरडावं लागलं. शेवटच्या वेळी आवाज फाटला. तेव्हा तिने मान हलवली. मग मंगळवार, मग बुधवार. बुधवारवाल्याला तिने सगळ्यांत जास्त वेळ ठेवलं. त्याचं कारण तिला कुणी सांगितलं होतं की काय, देव जाणे. मला खात्री आहे की तिला सगळं ऐकू येत होतं. माझं बोलणं तर तिला आदल्या दिवशी तिसऱ्यांदा सांगितल्यावर नीट कळत होतं.

सात घरं झाली. आई पुढे गेली. ओरडली नाही. वाकून तिने चिंधाबाईच्या कानात काहीतरी विचारलं. चिंधाबाईने ते पहिल्या खेपेला ऐकलं, हसली, आणि आईचा हात धरून काठावरून उतरली.

"काय विचारलंस?" मी घरी जाताना विचारलं.

"जेवलात का, म्हणून विचारलं."

* * *

या गोष्टीला पन्नास वर्षं झाली. त्या उन्हाळ्यात पुन्हा वार लागले नाहीत आणि विहीर आटलीही नाही. झाकणाच्या फळ्यांची पुढे मंदिरातली बाकं झाली. काचेची चौकट साहेबांनी काढली नाही. फक्त 'अज्ञ' या शब्दावर कागदाची चिकटपट्टी लावली. मी पाळक झालो नाही. हिब्रू पुन्हा उघडली नाही. तालुक्याच्या शाळेत एकतीस वर्षं मराठी शिकवलं आणि मुलांना शब्दांचे मूळ अर्थ विचारताना नेहमी थोडा घाबरलो.

पण त्या दिवशीचं मला आठवतं ते दुपारचं. चिंधाबाई आमच्या ओट्यावर बसून भाकरी आणि ठेचा खात होती. आईने चार आठवड्यांत पहिल्यांदा डोक्यावरून पाणी घेतलं होतं आणि तिचे केस पाठीवर ओले होते. घरातला प्रत्येक हंडा, तपेली, अगदी वडिलांची जुनी दाढीची वाटीसुद्धा भरलेली होती.

दारात एलियाबाबा उभा राहिला. हातात माझं शिफारसपत्र. तो बोलायला लागला पण आवाज फुटेना. सकाळच्या ओरडण्याने घसा पार बसला होता. त्याने गळ्याकडे बोट दाखवलं. आईने तांब्या भरून पुढे केला. त्याने तो घेतला, वर धरून घशात धार न सोडता तोंड लावून प्यायला, आणि अर्ध्यावर थांबला.

मी जन्मल्यापासून त्याला आमच्या घरात पाणी पिताना पाहिलं नव्हतं. आईनेही पाहिलं नव्हतं. मंदिरात प्रभुभोजनाचा पेला एकच असायचा, सगळ्यांनी त्यालाच ओठ लावायचे. पण एलियाबाबाची रांग नेहमी आमच्या आधी असायची; पेला आमच्यानंतर त्याच्याकडे कधी गेला नव्हता. सात घरांतलं कुणीच कधी आमच्या उंबऱ्याच्या आत पाणी प्यायलं नव्हतं. मला हे ठाऊक होतं, पण ठाऊक आहे हे मला त्या तांब्याकडे बघताना कळलं.

तो तांब्याकडे बघत राहिला. चिंधाबाई भाकरी चावत होती. मग त्याने तांब्या पुन्हा तोंडाला लावला आणि रिकामा केला.

खिशातून त्याने पेन काढलं, माझ्याकडे पाहिलं आणि पेन परत ठेवलं.

"सही करनार न्हाई," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला.

"नका करू," आई म्हणाली. "आणखी पाणी देऊ?"

त्याने तांब्या पुढे केला.